प्रत्येक परिच्छेदात एक थोरला भाऊ

"अम्मा, तुमच्या घरात कोणी गॅर्युलस आहे का?"

हैदराबादला राहायला येऊन आम्हाला आठवडासुद्धा झाला नव्हता. बरकतपुऱ्यातल्या त्या तीन मजली इमारतीत आमची निम्मी खोकी अजून फोडायची होती, गॅसचा पत्ता नव्हता, आणि सकाळी सकाळी एक उंच, वाळकेसे, सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ दारात उभे राहून मला हे विचारत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात स्टीलचा डबा. मला वाटलं, महापालिकेची माणसं डेंग्यूबिंग्यूची चौकशी करत फिरतात त्यातलंच काहीतरी असेल. मी म्हटलं, नाही हो, आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत.

गृहस्थांचा चेहरा पडला. मग त्यांनीच खुलासा केला. गॅर्युलस म्हणजे बडबड्या. आज त्यांचा हा शब्द होता, आणि शब्दाला जिवंत माणूस सापडल्याशिवाय तो शब्द ते आपल्या यादीत घेत नसत. नुसता अर्थ पाठ केला तर पोरं परीक्षेत विसरतात, पण शब्दाला माणूस चिकटवला की जन्मात विसरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

मी चिडले. अनोळखी घरात जाऊन असं काही विचारू नये हे मी त्यांना सांगितलं. पुण्यात असं कुणी करत नाही हे सांगितलं. पुण्यात मुळात बेलच कोणी का वाजवत नाही तेही सांगितलं. मग पुण्याची हवा, पुण्याचं पाणी, इथल्या पाण्याला येणारा वास, सामान आणणाऱ्या टेम्पोवाल्याने फोडलेला आरसा, असं करत मी बरीच लांब गेले. ते अगदी शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी खिशातलं एक पेन काढलं, तळहातावर काहीतरी टिपलं, "थँक्यू अम्मा, सापडलं" म्हणाले आणि जिना उतरून गेले.

हे देगलूरकर सर. वयाने लहान बाईला 'अम्मा' म्हणायची इथली तेलुगू पद्धत त्यांच्या मराठीत मुरलेली होती, त्यामुळे माझ्या तिप्पट अनुभवाचा हा माणूस मला आई म्हणत असे. घराणं मूळचं देगलूरकडचं, पण तीन पिढ्या हैदराबादेत. हयात मराठी शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पर्यायच नीट दिले नव्हते."

निवृत्तीनंतर त्यांनी जो धंदा धरला तो जगात कोणी करत असेल असं मला तोपर्यंत वाटलंच नव्हतं. नारायणगुड्यात बँकेच्या, रेल्वेच्या, कसल्या कसल्या परीक्षांची तयारी करून घेणारे क्लास आहेत. त्यांच्या सराव-पेपरांत इंग्रजी परिच्छेद असतात आणि त्याखाली प्रश्न: खालील परिच्छेद वाचून योग्य पर्याय निवडा. मला वाटायचं, हे परिच्छेद आकाशातून पडत असावेत. तसं नसतं. ते कोणीतरी बसून लिहितं. त्यातल्या एका मोठ्या क्लाससाठी ते देगलूरकर सर लिहीत. परिच्छेद, शब्दांच्या याद्या, प्रश्न, पर्याय आणि उत्तरसूची, सगळं एकहाती.

आता माणूस लिहून लिहून मधमाश्यांवर आणि महागाईवर किती लिहिणार? विषय संपले की सर आजूबाजूला बघत. आमची इमारत त्यांच्या डोळ्यांसमोरच होती.

मला याचा शोध लागला तो नारायणगुड्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात. मी आधार कार्डाची प्रत काढायला थांबले होते आणि यंत्रातून सराव-पेपरांचे गरम गरम गठ्ठे बाहेर पडत होते. वेळ जाईना म्हणून मी वरचा कागद वाचायला घेतला. पश्चिमेकडच्या एका शहरातून आलेल्या एका सुशिक्षित स्त्रीने कलिंगड घेतलं, घरी नेऊन कापलं, अर्धं खाल्लं आणि उरलेलं अर्धं घेऊन ती विक्रेत्याशी भांडायला परत आली, अशी सगळी हकीकत. इंग्रजी उत्तम. शेजारी उभा असलेला एक मुलगा तोच परिच्छेद सोडवत होता आणि हसत होता.

मी तिथेच उभी राहून प्रश्न सोडवला. स्त्रीने कलिंगड परत का केलं? अ, ते लाल नव्हतं म्हणून. ब, ते महाग होतं म्हणून. क, तिला भांडणाची हौस होती म्हणून. ड, यांपैकी नाही. मी 'अ' म्हटलं. मलाच ठाऊक नसणार तर कोणाला? मागच्या पानावर उत्तर होतं 'क'.

मी तडक सरांच्या दारात. तेव्हा त्यांच्याकडून मला त्यांच्या धंद्यातला सगळ्यात मोठा नियम ऐकायला मिळाला. ते जराही न डगमगता म्हणाले, "तुम्ही बाहेरचं ज्ञान वापरलं अम्मा. बाहेरचं वापरायचं नसतं. कलिंगड लाल नव्हतं, हे परिच्छेदात कुठं दिलंय?"

"पण मी तिथे होते!"

"तेच की. तिथं होता म्हणून चुकलात."

मी अर्धं नव्हे, फक्त एक फोड खाल्ली होती, हेही सांगून पाहिलं. तेही परिच्छेदात दिलेलं नव्हतं. माझ्याविषयीच्या प्रश्नात मी नापास झाले आणि नारायणगुड्यातली पोरं पास झाली. नवरा या प्रकरणावर इतका हसला की सरांनी त्याला पुढच्याच आठवड्यात 'इन्सेन्सिटिव्ह' या शब्दाखाली घातलं.

परिच्छेदात दिलेलं नाही, हे सरांचं नुसतं पालुपद नव्हतं, ती त्यांची जगण्याची रीत होती. तळमजल्यावरच्या बाईंनी भरल्या डोळ्यांनी सांगितलं की सून आपल्याला घराबाहेर काढायला टपलीय. सरांनी विचारलं, ती नेमकं काय म्हणाली? ती म्हणाली होती, "तुम्ही गावाला केव्हा जाणार?" सर म्हणाले, बाहेर काढायचं यात कुठे दिलेलं नाही, ही नुसती तारखेची चौकशी आहे. गंमत म्हणजे चौकशीच निघाली. सुनेला रेल्वेची तिकिटं काढायची होती. त्या दिवसापासून इमारतीत कुठे भांडण जुंपलं की लोक सरांना बोलावू लागले. सर दोन्ही बाजूंना एकच विचारत, तो नक्की काय बोलला आणि तुम्ही त्यात काय घातलंत? निम्मी भांडणं तिथेच मिटत. उरलेली त्यांच्यावर उलटत.

पर्याय दिल्याशिवाय त्यांना कशाचंच उत्तर देता येत नसे. डॉक्टर विचारायचे, काय होतंय? सर म्हणायचे, चार पर्याय द्या. कोपऱ्यावरच्या करी पॉइंटवर, म्हणजे तयार भाज्या-आमट्यांच्या पिशव्या विकणाऱ्या दुकानात, ते रोज डबा घेऊन जात. घरी कुकरला भात लावायचा आणि भाजी तिथून आणायची, असा त्यांचा संसार. दुकानदार सगळ्या भाज्यांची नावं म्हणून दाखवी आणि सर परीक्षेच्या पद्धतीने आधी चुकीचे पर्याय काढून टाकत. वांगं बाद, काल झालं. बटाटा बाद, वायू होतो. भेंडी बाद, चिकट. असं करत शेवटी रोज पप्पू, म्हणजे डाळच, उरत असे. दुकानदार डाळीची पिशवी आधीच बांधून ठेवायचा, पण यादी म्हणून दाखवायची राहायची नाही.

भांडणानंतर आमची मैत्रीच झाली. मग सर छपाईआधी आपले परिच्छेद माझ्याकडे तपासायला देऊ लागले. मी दिवसभर घरातूनच कंपनीचं काम करायची, दुपारी कंटाळले की परिच्छेद सोडवायची. आणि अशाच एका दुपारी माझ्या लक्षात आलं, की यातल्या प्रत्येक परिच्छेदात एक थोरला भाऊ आहे.

सुरुवातीला वाटलं, योगायोग असेल. मधमाश्यांचा परिच्छेद होता, त्यात म्हटलं होतं की पोळ्यात एक थोरली माशी असते आणि ती धाकट्या माशीला कधी उपाशी झोपू देत नाही. असेलही, मला माश्यांचं काय माहीत. मग व्याजदरांवरचा आला. व्याजदर वाढले की सामान्य माणूस, विशेषतः ज्याला समजूतदार थोरला भाऊ आहे असा माणूस, हात आखडता घेतो. दक्षिण ध्रुवावर गेलेल्या पथकाच्या प्रमुखाला ऐन बर्फात आठवण कोणाची यावी? निघताना मफलर घे म्हणून सांगणाऱ्या थोरल्या भावाची, ज्याचं त्याने ऐकलं नव्हतं. समुद्राच्या भरती-ओहोटीच्या परिच्छेदात भाऊ कुठून येणार म्हणून मी उत्सुकतेने वाचत गेले, तर शेवटच्या ओळीत किनाऱ्यावर दोघं भाऊ उभे होते आणि थोरला म्हणत होता ते बरोबर होतं.

आणि शेवटचा प्रश्न ठरलेला. थोरल्या भावाविषयी लेखकाची भावना कोणती? उत्तर नेहमी एकच: आदर आणि पश्चात्ताप.

सरांना विचारलं, हे काय आहे? ते म्हणाले, परिच्छेदात दिलेलं नाही.

मला कळायच्या आधी ते क्लासच्या पोरांना कळलं होतं. त्यांचा समज झाला होता, की बँकेच्या परीक्षेत थोरला भाऊ हमखास येतो. काहींनी त्याची खास तयारी केली होती. खरी परीक्षा झाली, पेपरात जंगलतोड आली, वाहतूक आली, भाऊ काही आला नाही. पोरं क्लासचे मालक रावगारूंकडे, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत रावसाहेबांकडे, गेली आणि म्हणाली, सर, एवढी मेहनत केली आणि अभ्यासक्रमच बदलला. रावगारू हुशार गृहस्थ. त्यांनी मागचे सगळे पेपर काढून वाचले आणि सरांना बोलावून सांगितलं, की यापुढे एकाही परिच्छेदात भाऊ दिसता कामा नये, नाहीतर परिच्छेद लिहायला आता कॉम्प्युटरसुद्धा आहे.

मला वाटलं, सर भाऊ काढतील. त्याजागी काका घालतील. पण त्यांनी काम सोडलं. भाऊ नाही तर परिच्छेद नाही, असं सांगून घरी आले.

त्यानंतर आमची बेल वाजेना. शब्द नाही, परिच्छेद नाही. सर गच्चीवर नुसते खुर्ची टाकून बसलेले दिसत. करी पॉइंटवरही यादी पुरी न ऐकता पिशवी उचलून येतात, असं कळलं. मला ते बघवेना. एका संध्याकाळी चहाचे दोन कप घेऊन मी गच्चीवर गेले आणि म्हटलं, सर, आता सांगून टाका.

सरांनी सांगितलं, पण सरळ सांगतील तर ते सर कसले. ते म्हणाले, एका गृहस्थांना एक धाकटा भाऊ होता. मी म्हटलं, बरं.

ते गृहस्थ काचीगुड्याला स्टेशनामागे राहत. धाकटा एकटा होता, तो रोज दोन्ही वेळा त्यांच्याकडे जेवायला जाई. वर्षानुवर्षं. एकदा थोरल्यांनी तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवायची ठरवली. महिनाभर घरोघर जाऊन नमस्कार केले, नवा कोट शिवला, विजयाचं भाषण पाठ केलं. निकाल लागला तेव्हा त्यांना एक मत पडलं होतं.

ते एक मत धाकट्याचं नव्हतं. समोरच्या उमेदवाराने मंडळाच्या वाचनालयात इंग्रजी मासिकं आणायचं कबूल केलं होतं आणि धाकट्याला परिच्छेदांसाठी मासिकं हवी होती. तो फितूर झाला. पण थोरल्यांना वाटलं, धाकट्याचंच मत. त्यांनी स्वतः समोरच्याला मत दिलं होतं, कारण उमेदवाराने स्वतःलाच मत देणं त्यांच्या शराफतीत बसत नव्हतं. बायको पोळ्यांच्या गडबडीत होती, ती गेलीच नसणार असं त्यांनी धरलं होतं. मग उरलं कोण? त्या रात्री थोरल्यांनी धाकट्याच्या ताटात आपल्या हाताने तूप वाढलं आणि म्हणाले, सगळं गाव उलटलं तरी एक माणूस आपला आहे.

यावर शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण पुढच्या आठवड्याचा पेपर द्यायचा होता आणि विषय सुचत नव्हता. धाकट्याने परिच्छेद लिहिला. स्वतःला थोर समजणारे एक गृहस्थ, त्यांचा कोट, त्यांचं पाठ केलेलं भाषण आणि एक मत. प्रश्न चौथा: परिच्छेदावरून अनुमान काढा, ते एक मत कोणाचं? अ, पत्नीचं. ब, धाकट्या भावाचं. क, त्यांचं स्वतःचं. ड, सांगता येत नाही. आणि उत्तरसूचीत त्याने लिहिलं, 'क'.

थोरल्यांचा मुलगा विनय त्याच क्लासला होता. त्याने भर वर्गात बसून आपल्या वडिलांवरचे प्रश्न सोडवले, आणि संध्याकाळी पेपर घरी नेला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय अम्मा. चेष्टा एक वेळ माफ केली असती. पण उत्तरसूचीत धाकट्याची सही होती की हो. मत त्याचं नव्हतं, हे त्यानंच लिहून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी धाकटा जेवायला गेला, तर थोरल्यानं तोंड फिरवलं, एक शब्द बोलला नाही. धाकटा समजला. परत गेला नाही."

पाच-सहा वर्षं झाली होती. विनय क्लासला होता तोवर सर प्रत्येक पेपरात थोरला भाऊ घालत राहिले, पोरगं घरी नेईल, दादा वाचतील, या आशेवर. मग विनय पास झाला, त्याला विशाखापट्टणमला बँकेत नोकरी लागली, तो गेला. तरी सर घालत राहिले.

मला राहवेना. मी म्हटलं, अहो, पण मग आता ते वाचतं कोण?

सरांनी रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पेपर रद्दीत जातात. रद्दीच्या पुड्या होतात. स्टेशनासमोर शेंगावाले बसतात, दादा संध्याकाळी तिकडंच फिरायला जातो. शेंगा त्याला आवडतात."

मी हसणार होते, पण हसू आलं नाही. हा माणूस पाच वर्षं मधमाश्या, व्याजदर आणि दक्षिण ध्रुव यांच्या आडून माफी मागत होता आणि ती शेंगांच्या पुडीतून पोचेल म्हणून वाट बघत होता. बरकतपुऱ्याहून काचीगुडा चालत जाण्यासारखं आहे. मला इतकी माया आली आणि त्याहून जास्त राग आला. मी म्हटलं, सर, रविवारी दुपारी तयार राहा, आपण जाणार आहोत. ते म्हणाले, काय बोलणार? इंग्रजीत लिहिलं की होतं अम्मा, मराठीत जमत नाही. मी म्हटलं, न जमू दे.

रविवारी सर वाटभर पुटपुटत चालले होते. स्टेशनामागच्या गल्लीत एका टेलरच्या दुकानावर दादांचं घर. जिन्याशी पोचल्यावर सर म्हणाले, आज नको, त्यांची जेवायची वेळ आहे. मी त्यांना पुढे घातलं आणि बेल वाजवली.

दार वहिनींनी उघडलं. लहानखुऱ्या, पदराला हात पुसत आलेल्या. त्यांनी सरांकडे पाहिलं आणि काल येऊन गेलेल्या माणसाला म्हणावं तसं म्हणाल्या, "या भावजी. या बाई."

आत दादा टेबलाशी जेवायला बसले होते. भरघोस मिशा, बनियन, समोर आंबाडीची भाजी आणि भाकरी. त्यांनी वर पाहिलं, घास तसाच हातात धरला आणि पुन्हा ताटाकडे पाहू लागले. सर उंबऱ्याच्या आत जेमतेम आले होते. घसा साफ करून त्यांनी सुरुवात केली, एका गृहस्थांना एक धाकटा भाऊ होता. हा धाकटा भाऊ स्वभावाने...

दादा वहिनींना म्हणाले, "त्याला म्हणावं, नाव घे. कोणते गृहस्थ? कोणता भाऊ?"

वहिनी सरांना म्हणाल्या, "नाव घ्या म्हणायलेत."

सर थांबले. मला वाटलं, आता हे पळणार. मी जिन्याच्या बाजूला सरकून उभी राहिले.

"मी, दादा," सर म्हणाले. "मी तुला मत दिलं नव्हतं. आणि वर तुझी चेष्टा लिहून पोरांत वाटली. चुकलं माझं."

दादांच्या हातातला घास ताटात पडला. अबोला वगैरे विसरून ते सरांकडे वळले आणि एवढ्या मोठ्या आवाजात बोलले की खालच्या दुकानातलं शिवणयंत्र थांबलं.

"मत गेलं चुलीत. मी बोलायचं बंद केलं होतं. जेवायला येऊ नको म्हणलो होतो का? कधी म्हणलो? सांग की. बोलणं बंद केलं म्हणजे घर बंद केलं का? इतके दिवस कुठं जेवलास?"

 आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आलेला हा माणूस, तो नेमकं काय बोलला आणि तुम्ही त्यात काय घातलंत म्हणून, आणि स्वतः मात्र एका तोंड फिरवण्याचा अर्थ काढून पाच-सहा वर्षं डाळ खात बसला होता. सरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायचंही त्यांना सुचेना.

वहिनींनी दुसरं ताट आणून दादांच्या शेजारी मांडलं, तिसरं माझ्यासाठी मांडलं. भाकरी वाढता वाढता त्या सहज म्हणाल्या, "ते मत माझं होतं."

दादा म्हणाले, "तू तर गेलीच नव्हतीस."

"गेले होते. पोळ्या आटपून गेले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? धाकट्यानं मत दिलं म्हणून तुम्ही इतके खूश होता. मला मोडवेना."

 दादा भाजीकडे बघत राहिले, आणि सर वहिनींकडे. खाली शिवणयंत्र पुन्हा सुरू झालं.

आम्ही जेवायला बसलो. मला वाटलं, आता दोघं भाऊ बोलतील, जुन्या गोष्टी काढतील. छे. दादांचा अबोला पुन्हा जागच्या जागी आला. त्याला विचार भाकरी हवी का, असं ते वहिनींना म्हणायचे. सर वहिनींना सांगायचे, अर्धी. दादा वहिनींना सांगायचे, अर्धी नाही, पुरी वाढ, वाळून काटकी झालाय. दोघांच्या खुर्च्या एकमेकांना लागून होत्या. मधली वाटी उचलताना कोपराला कोपर लागत होतं, आणि निरोप मात्र टेबलाला वळसा घालून वहिनींमार्फत चालले होते. वहिनी भाकरी थापत होत्या आणि दोन्हीकडचं मुकाट्याने पोचवत होत्या. 

ताक पिऊन झालं. दादा उठले, हात धुतले, आणि पाठमोरे राहूनच टॉवेलला हात पुसत वहिनींना म्हणाले, "त्याला सांग, रात्री वेळेवर ये म्हणावं. दोन्ही वेळेला माझं लक्ष जिन्याकडं लागून राहतं. आता वय झालं, इतकी वाट बघवत नाही."

वहिनींनी सरांकडे पाहिलं. यातलं काही पुन्हा सांगायची गरज नव्हती.

सरांनी मान खाली घातली होती. ते म्हणाले, "वहिनी, दादाला सांगा, येतो."